आभासी दालनातील परीक्षा आणि आपले केसपेपर

साठी उलटलेल्या रुग्णाला घेऊन घरची माणसे ‘आजोबा अलीकडे फार विसरतात’ असे सांगत आपल्या चिकित्सालयात येतात, तेव्हा आपण नाडी, जिव्हा, मल-मूत्र, निद्रा यांची चौकशी करतो, वातवृद्धीचा विचार करतो आणि ब्राह्मी, शंखपुष्पी वा ज्योतिष्मतीचा एखादा कल्प लिहून देतो. महिन्याने ‘बरे वाटते का?’ असे विचारतो. ‘वाटते’ हे उत्तर बहुधा सून देते. पहिल्या दिवशी स्मृती किती होती आणि तिसाव्या दिवशी किती झाली, याची नोंद केसपेपरवर नसते. ही उणीव आमच्याही दप्तरात आहे, हे आधीच मान्य करून प्रस्तुत विषयाकडे वळतो.

व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी अर्थात आभासी वास्तवाचे यंत्र आपल्यापैकी अनेकांनी मुलांच्या खेळात पाहिले असेल. डोळ्यांवर बांधलेल्या पेटीत प्रत्येक डोळ्यासमोर स्वतंत्र चित्र असते आणि मान वळवली की दृश्यही वळते. वैद्यकाला त्याचा उपयोग निराळाच. डोके कोठे आहे, हात कोणत्या वेगाने पुढे गेला, माणूस कोठे थबकला, हे सारे ते यंत्र सेकंदाच्या अंशापर्यंत टिपत असते. बुद्धी आणि गती या दोहोंची परीक्षा त्यामुळे एकाच कृतीत होऊ शकते.

केंब्रिज येथील संशोधकांनी 2019 मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने वाचनीय आहे. सौम्य स्मृतिक्षय असलेले 45 रुग्ण आणि त्याच वयाचे 41 निरोगी लोक त्यात होते. यंत्र लावून त्यांना प्रत्यक्ष चालावयास सांगितले. आभासी मैदानात एकामागून एक तीन शंकू दिसत. तिसऱ्यापर्यंत पोहोचल्यावर पहिला शंकू जेथे होता त्या जागी खुणेवाचून परत यावयाचे. रुग्णांची चूक निरोगी लोकांहून मोठी निघाली आणि प्रचलित कागदी चाचण्यांपेक्षा या चालण्यानेच दोन्ही गट अधिक स्पष्टपणे वेगळे केले. अल्झायमरचा आघात मेंदूच्या ज्या भागांवर फार लवकर होतो, त्यांपैकी एक भाग दिशा व अंतर यांचा हिशेब ठेवतो, हे त्यामागील कारण.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील चौथा अध्याय ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांना यात परके काही वाटू नये. अग्नी पचनशक्तीवरून, बल व्यायामशक्तीवरून, मेधा ग्रहणावरून आणि स्मृती स्मरणावरून अनुमानाने जाणावी, असा आचार्यांचा आदेश आहे. रुग्णाकडून कृती करवून घ्यावी आणि तीवरून आत काय आहे ते ओळखावे, हाच तो मार्ग. परदेशी यंत्राने त्याला मोजपट्टी जोडली. आपल्याकडे सूत्र होते, मोजपट्टीची सवय आपण लावून घेतली नाही.

हा विषय वाशिमसारख्या जिल्ह्याला का लागू पडतो, तेही सांगितले पाहिजे. ‘लासी’ या राष्ट्रीय पाहणीवर आधारित 2023 च्या अभ्यासानुसार भारतात साठीवरील सुमारे 7.4 टक्के, म्हणजे जवळपास 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. स्त्रियांत व ग्रामीण भागात हे प्रमाण अधिक आढळले. पण 1975 पासून जगभर वापरात असलेली एमएमएसई ही चाचणी शंभरातून सात-सात वजा करावयास, वाक्य लिहावयास, पंचकोन काढावयास लावते. शाळेची पायरी न चढलेल्या आजीबाई त्यात नापास होणारच. तो दोष मेंदूचा नव्हे. हरियाणातील बल्लभगडच्या खेड्यांसाठी तिचे हिंदी रूप 1990 नंतरच्या दशकात तयार झाले. आयसीएमआरचा चाचणीसंच प्रथम पाच भारतीय भाषांत प्रमाणित झाला, त्यांत मराठी नव्हती. आणि मराठी असती तरी मानोरा तालुक्यातील तांड्यावरील आजोबांची मायबोली गोरमाटी आहे, त्याचे काय? अक्षराची गरज नसलेली, भाषेचा आधार थोडाच घेणारी चालण्याची परीक्षा येथे खरोखर उपकारक ठरेल.

तथापि यंत्र जसेच्या तसे उचलून आणावे, असे आम्ही म्हणणार नाही. 2022 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात 38 देशांतील सुमारे चार लाख लोकांनी मोबाइलवरील खेळात वाट शोधली, शहराबाहेर वाढलेले लोक त्यात सरासरीने सरस ठरले. याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. बालपणापासून धुऱ्याधुऱ्याने वावर तुडवलेल्या शेतकऱ्याची मूळ दिशाबुद्धीच जर तल्लख असेल, तर शहरी लोकांवरून ठरवलेल्या मापाने त्याचा ऱ्हास उशिरा कळेल. माप येथल्याच निरोगी वृद्धांवरून ठरले पाहिजे. दृश्यही येथले हवे. काही चाचण्यांत आभासी सुपरमार्केटमधून यादीप्रमाणे वस्तू उचलावयाच्या असतात. आमच्या रुग्णाला आठवडी बाजार दाखवावा, चार जिन्नस घ्यावयास सांगावे आणि सुटे पैसे परत मोजून घेतो का ते पाहावे. शिवाय मोतीबिंदू, बहिरेपणा, भोवळ, मळमळ, तोल जाण्याची भीती या अडचणी आहेतच. शेजारी धरणारा माणूस उभा असल्याशिवाय वृद्धाला असे यंत्र लावूच नये.

यंत्र येईल तेव्हा येवो. 1991 पासून रूढ असलेल्या चाचणीस एक खुर्ची व घड्याळ पुरते: खुर्चीवरून उठणे, तीन मीटर चालणे, वळणे, परत येऊन बसणे, आणि लागलेले सेकंद लिहिणे. चालताना बोलावयास लावले की जे वृद्ध थांबतात ते पुढे अधिक पडतात, हे स्वीडनमधील संशोधकांनी 1997 मध्येच दाखवले होते. ओसरीपासून टेबलापर्यंत येणारा रुग्ण आपण रोज पाहतो. त्याला त्या वेळी एक प्रश्न विचारण्यास खर्च कसला? सोबत तीन शब्द सांगून पाच मिनिटांनी परत विचारावे. मेध्य कल्प देण्यापूर्वी हे दोन आकडे लिहावेत, दर महिन्याला पुन्हा लिहावेत. आकडे खालावत असतील तर थायरॉइड व बी-12 तपासून घ्यावे, झोपेच्या गोळ्या चालू आहेत का ते विचारावे आणि रुग्णास मज्जाविकारतज्ज्ञाकडे पाठवण्यात कमीपणा मानू नये.

औषधालयाच्या मालकांनाही यात वाटा आहे. कंपवाताचा रुग्ण कवचबीजाचे चूर्ण मागतो, तेव्हा तो लेव्होडोपाची गोळी आधीच घेत असतो, असे पुष्कळदा घडते. कवचबीजात तेच द्रव्य निसर्गतः असते. मात्रा नकळत वाढून अनैच्छिक हालचाली, भ्रम, उभे राहताना रक्तदाब उतरणे असे प्रकार होऊ शकतात, आणि घरचे त्याला रोगच बळावला असे समजतात. गल्ल्यावरून पुडी देण्याआधी चालू गोळ्यांची चिठ्ठी पाहावी आणि ती पाहिल्याची खूण वैद्याकडे परत जाणाऱ्या कागदावर करावी.