कारगिल नव्हे, जाफना

दर नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. मी बँकेत अधिकारी असताना त्या गर्दीत माझ्या शाळासोबत्याची पत्नीही येत असे. एकदा काउंटरवरच्या नव्या मुलाने कागद पाहून आदराने विचारले, "साहेब कारगिलमध्ये शहीद झाले का?" वहिनी म्हणाल्या, "नाही, श्रीलंकेत." मुलगा गोंधळला. बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, कारगिलला गेले असते, तर दर वेळी समजावून सांगावं लागलं नसतं."

हिंजवडीच्या शाळेत आम्ही दोघे एकाच बसकरपट्टीवर बसत असू. चिंचेवर तो चढायचा. गुरुजी येतात का, हे मी खालून पाहायचो. दहावीनंतर तो मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाला, मी पुढे बँकेत लागलो.

२९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी करार केला आणि आपली शांतिसेना श्रीलंकेत गेली. तमिळ बंडखोरांची शस्त्रे उतरवून घ्यायला गेलेल्या जवानांना ऑक्टोबरात लिट्टेशीच लढावे लागले. 'ऑपरेशन पवन' ते हेच. जाफन्याच्या त्या लढाईत माझा मित्र पडला. वय अवघे सत्तावीस. २५ नोव्हेंबरला महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. सुमारे १,२०० जवान परतले नाहीत. मार्च १९९० मध्ये उरलेले सैन्य मायदेशी आले, तेव्हा तामिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. पुढच्याच वर्षी, २१ मे १९९१ रोजी, लिट्टेने राजीव गांधींचीही हत्या केली.

माझा मित्र ज्या रानात गुरे वळायचा, तिथे आज राजीव गांधी इन्फोटेक पार्क आहे. ज्यांच्या करारामुळे तो समुद्रापार गेला, त्यांचेच नाव या जमिनीला मिळाले. याबद्दल माझी तक्रार नाही. त्या युद्धाची किंमत त्यांनीही प्राणांनीच चुकवली.

तक्रार आहे ती आपल्या विस्मरणाबद्दल. शांतिसेना पाठवणे चूक होते की बरोबर, यावर खुशाल वाद घालावा. पण धोरणाचे खाते वेगळे, माणसाचे खाते वेगळे. एकातली तूट दुसऱ्यात दाखवणे हा कोणताही हिशेब नव्हे. जवानाने आज्ञा पाळली. युद्ध त्याने निवडले नव्हते. जिंकलेल्या लढाईतला तेवढा हुतात्मा आणि फसलेल्या मोहिमेतला मात्र अडचणीचा, असा भेद आपण नकळत करत आलो आहोत.

श्रीलंकेने कोलंबोजवळ आपल्या जवानांचे स्मारक उभारले आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकातही २०१९ पासून त्यांना स्थान आहे. आता आपल्या गावांनी एवढेच करावे: येत्या २६ जानेवारीला शाळेत झेंडावंदन झाल्यावर १९६५, १९७१ आणि कारगिलच्या जोडीने जाफन्याचाही उल्लेख करावा. म्हणजे पुढच्या नोव्हेंबरात वहिनींना कोणाला काही समजावून सांगावे लागणार नाही.