मधलं घर

२०२५ च्या ऑगस्टमध्ये भटक्या कुत्र्यांवरून देशभर केवढा गदारोळ झाला! ११ तारखेला सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली आणि आसपासची सगळी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. अकरा दिवसांनी, २२ तारखेला, तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठानं तो आदेश बदलला. नसबंदी करा, लस टोचा आणि जिथून उचललं तिथंच सोडा. पिसाळलेली आणि अंगावर येणारी मात्र सोडू नका. मग ७ नोव्हेंबरला आणखी एक आदेश आला. शाळा, इस्पितळं, क्रीडासंकुलं, बस स्थानकं, रेल्वे स्टेशनं इथली कुत्री हलवायची आणि परत तिथं आणायची नाहीत. घरोघरी दोन तट पडले. एकीकडे कुत्रं चावलेल्या लेकरांचे आईबाप, दुसरीकडे रोज भाकरी घालणारे. मला विचाराल तर दोघांचंही म्हणणं खोटं नाही.

या भांडणात २२ ऑगस्टच्या आदेशातली एक गोष्ट मागे पडली. रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घ्यायचं असेल त्यानं पालिकेकडे अर्ज करावा, मात्र ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी त्याची. वाचायला किती सोपं! पण मैत्रिणींनो, आम्ही काही जणी लालबाग-परळच्या चाळींमधून सोडवून आणलेली पिल्लं सांभाळतो, आणि आमचा अनुभव असा की रस्ता आणि दत्तक घर यांच्यामध्ये आणखी एक घर लागतं. महिना-दोन महिन्यांचं. त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

आमचं परळ या बाबतीत गमतीचं आहे. इथं बाई साकरबाई पेटिट यांच्या नावाचं प्राण्यांचं इस्पितळ १८८३ पासून आहे. जुनी माणसं त्याला अजून ‘बैलघोडा’ म्हणतात. जवळच हाफकिन संस्था, जिथं पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावर लस बनत आली. म्हणजे कुत्र्याचा जीव आणि माणसाचा जीव, दोन्हींची काळजी एकाच वस्तीत. याच शहरात १९९४ पर्यंत महापालिका कुत्री मारत असे. दरवर्षी हजारो मारूनही ती संपली नाहीत, कारण उरलेल्या माद्यांना पिल्लं होतच राहिली. मग नसबंदीचा मार्ग आला. देशपातळीवरचे नियम २००१ मध्ये झाले, २०२३ मध्ये नवे आले. ते योग्यच आहे. पण जन्मून चुकलेल्या पिल्लांचं काय?

पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ फार मोलाचा असतो. माणूस, आवाज, वास, हाताचा स्पर्श यांतलं काय आपलं आणि काय परकं, हे ते तेव्हा शिकतं. हा काळ पिंजऱ्यात किंवा गटाराच्या पाइपात गेला, तर भीती मुरते. आणि भ्यालेलं कुत्रंच पुष्कळदा चावतं. तेव्हा भित्र्या पिल्लाला धीट करणं हा नुसता भूतदयेचा विषय नाही. उद्याचा चावा टाळायचा तो एक मार्ग आहे.

बुंदीचं सांगते. बंद गिरणीच्या भिंतीलगत सापडली तेव्हा दोन महिन्यांची असेल. आई गाडीखाली गेलेली. घरी आणल्यावर ती पलंगाखाली जी शिरली ती चार दिवस माझ्यासमोर बाहेर आली नाही. रात्री सगळे झोपले की वाटी रिकामी व्हायची. अशा वेळी आपल्याला वाटतं, उचलून छातीशी धरावं. नेमकं तेच करायचं नाही. एका बाजूनं उघडं खोकं, त्यात जुन्या लुगड्याचा तुकडा, एवढी तिची जागा. तिथं कुणी हात घालायचा नाही. मी रोज तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसायची आणि भाजी निवडता निवडता काहीबाही बोलायची. पाचव्या दिवशी माझ्या पाठीला ओलं नाक लागलं. मी वळले नाही. भात आणि उकडलेल्या अंड्याचा घास तळहातावर ठेवून हात तसाच मागे नेला.

मग आवाजांची शाळा. कुकरची शिट्टी, मिक्सर, शेजारच्यांचा टीव्ही. आधी दाराआडून, हळूहळू जवळून, आणि प्रत्येक आवाजाबरोबर खाऊ. लालबागमध्ये गणपतीचे दहा दिवस म्हणजे तर परीक्षाच. ढोल सुरू झाले की आम्ही तिला आतल्या खोलीत न्यायचो आणि रेडिओ लावायचो. लशी पूर्ण होईपर्यंत तिला रस्त्यावर उतरवलं नाही. कडेवर घेऊनच गॅलरीतून माणसं दाखवली.

खर्च असतो, तो लपवत नाही. जंताचं औषध, सहा-आठ आठवड्यांपासून लशी, तीन महिन्यांला रेबीजची लस. गाईचं दूध पुष्कळ पिल्लांना सोसत नाही, जुलाब होतात. पिल्लाचा दात किंवा नख लागलं, तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं. हळद-चुना लावून बसायचं नाही. आणि आई जवळ असेल, पिल्लं धडधाकट असतील, तर उचलूच नका. आईसारखी शिकवण आपल्याला जमत नाही.

बुंदीला घर मिळायला अडीच महिने लागले. तोवर ती दारातल्या माणसाकडे शेपटी हलवत जायला लागली होती, तरी विचारणारा प्रत्येक जण आधी विचारायचा, ‘नर आहे का?’ मादी नको, पिल्लं होतात, कटकट नको. मी म्हणायची, अहो, नसबंदी केली की मिटलं! तरी फोन बंद. मुलगी नको म्हणणाऱ्यांशी भांडण्यात आमच्या पिढीच्या बायकांची निम्मी उमर गेली, आता हे पलंगाखालीही! मग उकिरड्यावर सोडलेल्या पिल्लांत माद्याच जास्त का असतात, हे वेगळं सांगायला नको.

तुमच्या गावात एसटी स्टँड आहे, सरकारी इस्पितळ आहे. नोव्हेंबरचा आदेश पाळायचा तर तिथली कुत्री जाणार कुठे? लहान नगरपरिषदेकडे जागा नाही, माणसं नाहीत. मोठी कुत्री हा पालिकेचाच प्रश्न आहे, तो आपल्या पदरात घ्यायचं कारण नाही. नसबंदी केंद्र कधी सुरू होणार, हे आपण तिथं जाऊन जरूर विचारावं. पिल्लांच्या बाबतीत मात्र बचत गटातल्या चार-पाच जणी मिळूनही हे करू शकतात. एकीनं लशींचा खर्च उचलायचा, एकीनं घरात ठेवायचं, एकीनं तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांशी बोलून ठेवायचं. दत्तक देताना ते घर आधी पाहून यायचं. घरमालकाची संमती आहे का, दिवसभर साखळीला बांधणार आहेत का, आणि वेळ आली की नसबंदी करू असं लिहून देणार का. शेवटच्या प्रश्नाला जो टाळाटाळ करेल, त्याला सरळ नाही म्हणायचं.

आमच्याकडे सध्या अशी सात घरं आहेत. त्यातली तीन भाडेकरूंची, एक तर दहा बाय बाराची खोली. बुंदी दादरला एका निवृत्त शिक्षिकेकडे असते. मिक्सर लागला की अजूनही एक कान टवकारते, म्हणाल्या त्या, पण पळत नाही.