सोडलेला मासा, खाल्लेला मासा

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा या राज्यांत सरोवरे हजारोंनी मोजावी लागतात. त्यांतील पुष्कळशी लहान आहेत. शे-दीडशे एकरांचे पाणी, काठाला बंगल्यांची रांग आणि एका टोकाला होडी पाण्यात उतरविण्यासाठी सरकारने बांधलेला धक्का. बंगले खासगी, पाणी मात्र कोणाचेच नव्हे, म्हणजे सर्वांचे. अशा पाण्यात मस्की आणि बास या दोन माशांसाठी गळ टाकणारे हौशी लोक गेल्या पन्नास-साठ वर्षांत एका आचारधर्माला बांधले गेले आहेत: पकडलेला मासा पुन्हा पाण्यात सोडावयाचा. हा आचारधर्म मस्कीच्या बाबतीत अगदी योग्य आहे. बासच्या बाबतीत तो सरसकट लागू करणे चूक आहे, आणि ही चूक सर्वांत आधी भोवते ती लहान सार्वजनिक तळ्याला.

मस्की, म्हणजे मस्केलंज, हा विस्कॉन्सिनचा १९५५ पासूनचा राज्यमत्स्य. लांबट अंगाचा, तीक्ष्ण दातांचा हा शिकारी मासा पाणवनस्पतींच्या आडोशाला निश्चल राहतो आणि भक्ष्य टप्प्यात येताच झडप घालतो. दहा हजार वेळा गळ फेकावा तेव्हा एक मस्की लागतो, असे तिकडे म्हणतात. त्यातील अतिशयोक्ती वजा केली तरी माशाची दुर्मीळता खरीच आहे. एका एकरामागे एक प्रौढ मस्की असला तरी ती दाटी समजली जाते. बहुतेक ठिकाणी दोन-तीन एकरांना एक हेच प्रमाण चांगले मानतात. शंभर एकरांच्या तळ्यात हे मासे मग तीस-चाळीसच असावयाचे. त्यांना चाळीस इंचांची लांबी गाठावयास आठ-दहा वर्षे लागू शकतात. एका उन्हाळ्यात पाच-दहा जणांनी आपापला मासा घरी नेला, तर त्या तळ्याचे दशकभराचे संचित संपलेच.

एके काळी हेच घडत असे. मस्की होडीत ओढून घेण्यापूर्वी त्याला पिस्तुलाची गोळी घालण्यात कोणाला वावगे वाटत नव्हते. १९६६ मध्ये मिनेसोटात 'मस्कीज इन्कॉर्पोरेटेड' ही हौशी मच्छीमारांची संस्था निघाली. तिने मासे सोडून देण्याचा प्रचार चालविला आणि लोकमत पालटले. कायदाही त्यामागून गेला. विस्कॉन्सिनमध्ये सर्वसाधारण नियमानुसार चाळीस इंचांहून लहान मस्की ठेवता येत नाही आणि दिवसाला एकच ठेवता येतो. मिनेसोटाने ही मर्यादा २०१५ मध्ये चौपन्न इंचांवर नेली. मोठ्या मस्कीच्या मांसात पारा साठतो आणि विस्कॉन्सिनचे सरकार गर्भधारणेच्या वयातील स्त्रियांना व मुलांना तो खाऊच नये असे बजावते, ही गोष्टही सोडण्याच्याच बाजूची.

बासची गोष्ट वेगळी आहे. त्याला सोडण्याची प्रथा पडली ती मुख्यतः स्पर्धांमुळे. बक्षिसांच्या स्पर्धा भरविणाऱ्या 'बास' या संघटनेने १९७२ मध्ये 'पकडलेला मासा मारू नका' अशी मोहीम काढली. तिचा हेतू चांगला होता. स्पर्धेनंतर मेलेल्या माशांचे ढीग पाहून लोक चिडत होते. पुढे मात्र हेतू मागे पडला आणि रिवाज उरला. आज अनेक तळ्यांवर हौशी लोक जवळजवळ प्रत्येक बास सोडून देतात. बास मस्कीपेक्षा कितीतरी दाटीने राहतो आणि लवकर वाढतो. लहान तळ्यात त्याची संख्या फार झाली की अन्न पुरेनासे होते आणि दहा-बारा इंचांवर त्याची वाढ खुंटते. मग मोठा बास लागत नाही म्हणून कुरकुरणारी मंडळी आणखी निष्ठेने लहान मासे सोडू लागतात! उत्तर विस्कॉन्सिनमधील काही सरोवरांत बास वाढले आणि वॉलआय हा खाण्याचा लोकप्रिय मासा घटला. त्याचे कारण बासच की तापत चाललेले पाणी, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. परंतु राज्याच्या मत्स्यखात्याने काही तळ्यांवर बाससाठीची चौदा इंचांची किमान मर्यादा काढून टाकली, याचा अर्थ उघड आहे: लोकांनी हे मासे न्यावेत आणि खावेत, असेच खात्याला वाटते. लोक मात्र सोडतच राहतात. नियम बदलता येतो, सवयीला चिकटलेली प्रतिष्ठा तितक्या सहज बदलत नाही.

प्रतिष्ठेचा हा मुद्दा किरकोळ नाही. लहान सार्वजनिक तळ्यावर महागडी होडी घेऊन येणारा येतो, तसाच काठावर बादली ठेवून बसणाराही येतो. सायंकाळच्या जेवणासाठी चार मासे नेणारा हा दुसरा माणूस पहिल्याच्या दृष्टीने मागासलेला. वस्तुतः सोळा वर्षांवरील दोघांनाही परवाना लागतो, आणि १९५० च्या कायद्याने गळ-दोरीवर बसविलेला केंद्रीय कर दोघेही भरतात. तळ्यात सोडल्या जाणाऱ्या बोटुकल्यांचा खर्च या पैशांतूनही निघतो. विस्कॉन्सिनच्या राज्यघटनेने नौकानयनयोग्य पाणी सर्वांना कायमचे खुले ठेवले आहे. त्यात हौस आणि भूक असा भेद केलेला नाही. (सार्वजनिक विश्वस्ततेचे हे तत्त्व भारतालाही परके नाही. बियास नदीच्या काठासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये अमेरिकी निवाड्यांचा आधार घेऊनच ते आपल्या कायद्याचा भाग ठरविले.)

हौसेलाच संरक्षण समजण्याची किंमत विस्कॉन्सिनने एकदा मोजली आहे. ओजिब्वे या मूळच्या रहिवाशांनी १८३७ आणि १८४२ च्या तहांत जमीन दिली, परंतु तेथे शिकार व मासेमारी करण्याचा हक्क राखून ठेवला. १९८३ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने तो हक्क शाबीत केला. वसंतात रात्रीच्या वेळी भाल्याने वॉलआय आणि काही मस्की मारण्याची त्यांची जुनी रीत पुन्हा उघड सुरू झाली, तेव्हा त्याच सार्वजनिक धक्क्यांवर जमाव जमले. शिव्यागाळी झाली, दगड फेकले गेले. गळाने पकडणे हा खेळ आणि भाल्याने मारणे ही कत्तल, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९९१ मध्ये केंद्र, राज्य आणि जमाती यांनी मिळून केलेल्या पाहणीचा अहवाल आला. भाल्याच्या मासेमारीने सरोवरांतील माशांची हानी झालेली नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. भालेकऱ्यांना तळ्यागणिक कोटा ठरवून दिलेला होता आणि प्रत्येक मासा मोजला जात होता.

मासा सोडला म्हणजे तो वाचलाच, हाही समज तपासून पाहण्याजोगा आहे. जुलै-ऑगस्टात पाणी सत्तावीस अंश सेल्सियसच्या आसपास तापले की दमछाक झालेला मस्की पोहत दिसेनासा होतो खरा, पण पुढे तो जगेलच असे नाही. म्हणून जाणते लोक त्या दिवसांत मस्कीसाठी गळ टाकतच नाहीत. अशा दिवशी त्याच तळ्यात बाससाठी बसावे, चार लहान बास बादलीत टाकावेत आणि घरी जावे. मस्की ओळखावा कसा, मोजावा कसा, सोडावा कसा हे सांगणारे फलक धक्क्यांवर लावलेले असतात. जेथे बासची दाटी झाली आहे, तेथे त्याच फलकावर 'हे मासे न्या' असे ठळक अक्षरांत लिहावयास मत्स्यखात्याने संकोचू नये.