ग्राहकाचा क्रमांक आणि सल्लागाराचा अर्थ

सारसोळे येथील किराणा दुकान असो वा वाशीच्या बाजारातील पेढी, बिल करताना ग्राहकाचा मोबाइल क्रमांक संगणकात नोंदविला जातो आणि सणासुदीला त्याच क्रमांकावर सवलतीचे संदेश जातात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. व्यापाऱ्यावरील मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची आहेत. मधल्या काळात सल्लागार दारी येतील, हे ओघानेच आले.

सनदी लेखापालाची नोंद त्याच्या संस्थेत असते, वकिलाची बार कौन्सिलकडे. या नव्या सल्लागारासाठी अधिनियमात परवाना वा नोंदवही नाही. दंडाचा २५० कोटींचा आकडा तो प्रथम सांगतो; मात्र ती कमाल मर्यादा आहे आणि दंड ठरविताना उल्लंघनाचे स्वरूप, गांभीर्य व कालावधी पाहावा, असे कलम ३३ म्हणते, हे बहुधा राहून जाते.

अनेकांचे ज्ञान युरोपच्या २०१८ पासून लागू असलेल्या कायद्यावर पोसलेले आहे. तेथे व्यवसायाचे ‘वैध हितसंबंध’ हा माहिती वापरण्याचा एक आधार आहे; आपल्याकडे तो नाही. संमती हवी, अन्यथा कलम ७ मधील मोजके उपयोग. तेथे किरकोळ गळती कळविण्यातून सूट मिळू शकते. येथे प्रत्येक गळती मंडळाला व संबंधित ग्राहकाला कळवावी लागेल. उलट, प्रत्येक दुकानाने डेटा संरक्षण अधिकारी नेमावा हे सांगणे निराधार आहे. तो केवळ शासनाने अधिसूचित केलेल्या मोठ्या संस्थांना बंधनकारक. इतरांनी प्रश्नांना उत्तर देणाऱ्या व्यक्तीचा संपर्क प्रसिद्ध केला की पुरे. कागदावरच राहिलेली चोपडी तर या कायद्याच्या कक्षेतच येत नाही.

खरा वाद जुन्या क्रमांकांचा आहे. औषध दुकानातील ग्राहकाने पावतीसाठी स्वेच्छेने क्रमांक दिला तर पावती पाठविता येते, असे उदाहरण अधिनियमातच आहे. सवलतीच्या संदेशाविषयी ते मौन आहे. पूर्वी संमती दिलेल्या ग्राहकांना शक्य तितक्या लवकर सूचना द्यावी आणि त्यांनी संमती मागे घेईपर्यंत वापर चालू ठेवता येईल, असे कलम ५ सांगते. परंतु गल्ल्यापाशी घाईत उच्चारलेला क्रमांक ही ‘संमती’ होती काय? एक तज्ज्ञ सूचना पुरेशी मानील, दुसरा नव्याने संमती घ्यावयास लावील. निर्णय डेटा संरक्षण मंडळाचा आणि अपिलात दूरसंचार अपिलीय न्यायाधिकरणाचा. तोवर दोन्ही केवळ मते होत. त्यांत दुसरे मत खर्चिक असले तरी अधिक सुरक्षित दिसते, कारण संमती मिळाली होती हे सिद्ध करण्याचा भार व्यापाऱ्यावर आहे.

सल्लागाराने प्रत्येक शिफारशीपुढे कलम व नियम क्रमांक लिहून द्यावा आणि जेथे स्वतःचा अर्थ आहे तेथे तसे नमूद करावे, ही अट शुल्क ठरण्यापूर्वीच घालावी. ग्राहकास द्यावयाच्या सूचनेचा मसुदा मराठीतही मागावा. आठव्या अनुसूचीतील भाषेत ती वाचण्याचा पर्याय ग्राहकाला देणे बंधनकारक आहे.