आपल्यापुरतेच रंगवायचे काय?

चित्रकार अल्पसंख्य समाजातला असला की आपण त्याच्याकडे एकच मागणे मागतो : तुझ्या लोकांचे दुःख दाखव. मार्टिन वाँगची चित्रे पुस्तकात पाहिल्यापासून मला ही मागणी अन्यायाची वाटू लागली आहे.

वाँग १९४६ साली अमेरिकेत, चिनी वंशाच्या घरात जन्मला, वाढला सॅनफ्रान्सिस्कोत. तो समलिंगी होता. असा मनुष्य १९७८ साली न्यूयॉर्कला येतो, तेव्हा त्याने काय रंगवावे? चायनाटाउन आणि स्वतःचा एकटेपणा, असे कोणीही सांगेल. त्याने रंगवल्या विटा! लोअर ईस्ट साइडला तेव्हा पोर्तो रिकोहून आलेल्या गरिबांची मोठी वस्ती होती. तिथल्या पडक्या इमारतींची एकेक वीट त्याने सोनाराच्या चिकाटीने काढली. ‘अ‍ॅटर्नी स्ट्रीट’ (१९८२-८४) या चित्रात त्याचा पोर्तो रिकन मित्र मिगेल पिन्येरो याची कविता आहे आणि जोडीला मूकबधिरांच्या बोटांच्या लिपीतले हात. वस्ती दुसऱ्यांची, कविता दुसऱ्याची. मग वाँग कुठे आहे?

मला वाटते, त्याच्या पाहण्यात आहे. ‘बिग हीट’ (१९८८) मध्ये तशाच विटांच्या इमारतीपुढे अग्निशामक दलाचे दोन जवान गणवेशातच परस्परांचे चुंबन घेतात. त्यात भडक काही नाही. भिंत जितकी तिथली, तितकेच ते दोघेही तिथले. चायनाटाउनची चित्रे त्याने प्रामुख्याने १९९० नंतर काढली. कोणी सांगितले म्हणून नव्हे, आपल्या वेळेने. १९९९ साली एड्सने तो गेला.

यावर कोणी म्हणेल, आपले दुःख आपण नाही मांडायचे तर कोणी? प्रश्न खरा आहे. आपल्याकडे दलित साहित्याने हा हक्क झगडून मिळवला, आणि आमच्या पिढीला तो आयता मिळाला. पण हक्काची सक्ती केव्हा झाली? घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या आमच्यासारख्यांनी काव्यवाचनात वस्तीवरचे काही वाचले की टाळ्या पडतात. पावसावर वाचले की ‘हे तुझे नव्हे’ असे ऐकू येते. (पाऊस आमच्या पत्र्यावरही पडतो, आणि चांगला मोठ्याने!) बोलणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, हे मी जाणतो. तरीही पुढच्या काव्यवाचनात मी पावसाचीच कविता वाचणार आहे.