थांबा, आणि वाट द्या!

ऑगस्ट २०२५ मध्ये, रक्षाबंधनाच्या सणात, नागपूर-जबलपूर महामार्गावर देवलापारच्या परिसरात जे घडले, ते विसरणे म्हणजे स्वतःस क्षमा करण्याची घाई करणे होय. मालमोटारीच्या धडकेने एका दुचाकीस्वाराची पत्नी गतप्राण झाली. त्याने येणाऱ्याजाणाऱ्या वाहनांपुढे हात जोडले. कोणी थांबले नाही. अखेर तिचा मृतदेह आपल्याच दुचाकीस बांधून तो गावाकडे निघाला. पुढे पोलिसांनी त्यास अडविले, चित्र घरोघरी पोचले, चार दिवस हळहळ झाली आणि मग सारे शांत झाले.

‘रुग्णवाहिका कोठे होती?’ हा प्रश्न अशा वेळी सर्वांच्या ओठी येतो. प्रश्न रास्त आहे. परंतु तो सोयीचाही आहे. जे वाहन तेथे नव्हते त्यास दोष दिला, की जी वाहने तेथून निघून गेली ती आपोआप निर्दोष ठरतात. कोणतीही रुग्णवाहिका आपण होऊन धावत येत नाही. तिला बोलावणारा माणूस आधी थांबावा लागतो.

महाराष्ट्रात बोलावण्याची सोय आहे. १०८ या क्रमांकाची विनामूल्य सेवा २०१४ च्या जानेवारीत सुरू झाली, तेव्हा तिच्या ताफ्यात ९३७ गाड्या होत्या. त्यांपैकी २३३ अतिगंभीर रुग्णांसाठी सुसज्ज होत्या. प्रत्येक गाडीत चालकाबरोबर डॉक्टर असावा, ही या योजनेची खरी थोरवी. कारण अशा गाडीत उपचार रुग्णालयाच्या दारी नव्हे, रस्त्यावरच सुरू होतात. गर्भवती व नवजात अर्भके यांच्यासाठी १०२ ही निराळी सेवा आहे. मात्र एक गोष्ट सुशिक्षितांसही ठाऊक नसते. १०८ चा नियंत्रण कक्ष उभारला गेला तो पुण्यास. ‘मारुतीच्या देवळाजवळ या’ एवढ्याने तेथील माणसास काय उमजणार? रस्ता, चौक, जवळची ठळक खूण आणि जखमींची संख्या, इतके शांतपणे सांगता येणे हे आज साक्षरतेचेच अंग मानले पाहिजे. शाळाशाळांतून ते मुलांकडून घोकून घ्यावे.

मग लोक थांबत का नाहीत? ‘पोलिसांचा ससेमिरा आणि कोर्टाच्या खेपा नकोत,’ हे ठरलेले उत्तर. एके काळी त्यात तथ्य होते. परंतु जखमीवर तातडीने उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच बजावले. मदत करणाऱ्यास त्रास देऊ नये, ही मार्गदर्शक तत्त्वे २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात त्यासाठी स्वतंत्र कलम आले. केंद्र सरकारने तर अशा साह्यकर्त्यांस पारितोषिकही ठेवले. पाच हजारांचे ते पंचवीस हजार झाले. माणुसकीस बक्षीस लावावे लागावे, याहून समाजाची दुसरी नाचक्की ती कोणती? कायद्याचे भय सरले. आता उरली आहे ती केवळ आपली घाई.

ही घाई शहराच्या रस्त्यांवरही दिसते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, इतकेच नव्हे तर शिवनी-छिंदवाड्याकडील रुग्णांचीही अखेरची आशा म्हणजे नागपूरचे ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’. कोसांचा प्रवास तासांत उरकून आलेली गाडी सीताबर्डीच्या गर्दीत अडकते. भोंगा ऐकू येतो, आरशात दिवा दिसतो, तरीही पुढची मोटार तसूभर हलत नाही. आणि हललीच तर तिच्यामागून वाट काढणारे चार दुचाकीस्वार लगेच घुसतात. वाट न देणाऱ्यास दहा हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. पण अवयवदानाच्या वेळी पोलीस हात दाखवितात तेव्हा हेच नागरिक निमूटपणे बाजूस होतात. मग जो रुग्ण पोलिसांच्या ताफ्याविना येतो, त्याचे प्राण का स्वस्त?

नागरिकांस खडसावून प्रशासनास मोकळे सोडावे, असे मात्र आम्हांस म्हणावयाचे नाही. मुख्य चौकांत रुग्णवाहिकेस आधी वाट मिळेल अशी सिग्नलची व्यवस्था हवी. आणलेला रुग्ण रुग्णालयाच्या दारी तत्काळ उतरवून घेतला गेला पाहिजे. खाट मिळेपर्यंत स्ट्रेचर अडकले, तर दुसऱ्या कोणाची तरी गाडी हिरावली जाते. खाजगी रुग्णवाहिकांचे दर गाडीवरच ठळक लिहिलेले असावेत. आणि सर्वांत निकडीची बाब शववाहिकांची. १०८ जिवंतांसाठी आहे. दूरच्या खेड्यातून ज्यास फुकट आणले, तो येथे दगावला तर त्याच्या माणसांनी त्यास न्यावे कशाने? गरिबाचा शेवटचा प्रवास सन्मानाने व्हावा, ही दया नव्हे. शासनाची ती जबाबदारीच आहे.

ही कामे सरकारची. त्यांचा तगादा आम्ही लावीत राहू. परंतु थांबणे आणि वाट देणे यांस ना निविदा लागते, ना मंजुरी. आज कचेरीतून घरी परतताना मागून भोंगा ऐकू येईल. आत कोण आहे हे आपणांस दिसणार नाही. ते आपल्याच घरचे माणूस आहे, असे समजून गाडी डावीकडे घ्यावी.