उतारा नसलेले विष

सर्पदंशावर प्रतिविष आहे. कित्येक कीटकनाशकांच्या विषबाधेत अ‍ॅट्रोपिनचा आधार असतो. परंतु पॅराक्वाट या तणनाशकाचा एक घोट पोटात गेला, तर वैद्यकशास्त्राला बहुधा हात टेकावे लागतात. 1962 साली बाजारात आलेल्या या विषावर खात्रीचा उतारा अद्याप सापडलेला नाही. ते रक्तावाटे फुफ्फुसांत साठते, तेथील पेशींचा नाश करते आणि रोग्याचा श्वास हळूहळू कोंडतो. मूत्रपिंडे निकामी होतात, ती निराळीच. धाप लागलेल्यास प्राणवायू द्यावा, तर तोच या दाहात तेल ओततो! रोगी मात्र पुष्कळदा अनेक दिवस शुद्धीवर असतो. क्षणिक आवेगात बाटली तोंडाला लावणाऱ्यास दुसऱ्याच घटकेला पश्चात्ताप झाला, तरी परतीची वाट उरलेली नसते.

उत्पादकांनी त्यात रंग, दुर्गंधी आणि वांतिकारक द्रव्य मिसळून पाहिले. पण शेतकऱ्याच्या घरात औषधांना वेगळी खोली नसते. फवारणीची बाटली धान्याच्या कणगीशेजारीच राहते. अशा स्थितीत ‘जपून वापरा’ एवढ्या उपदेशाने जबाबदारी संपते काय?

खुरपणीला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी परवडत नाही, ही शेतकऱ्याची अडचण खरी आहे आणि ती आम्ही हलकी लेखीत नाही. तथापि दक्षिण कोरियाचा अनुभव बोलका आहे. तेथे 2012 साली पॅराक्वाटची विक्री थांबली. 2011 ते 2013 या अवधीत शेतीतील विषांनी होणाऱ्या आत्महत्यांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले आणि पिकांच्या उत्पन्नात घट दिसली नाही. स्वित्झर्लंडने 1989 सालीच हे विष वर्ज्य केले. युरोपीय संघातून ते 2007 साली हद्दपार झाले.

आपल्याकडे केरळने 2011 साली त्यास मनाई केली. परंतु राज्याच्या सीमेवर बाटली अडत नाही. 1968 च्या कीटकनाशक कायद्याने नोंदणीचा अधिकार केंद्राच्या हाती दिला. तेव्हा ती देशभर रद्द करणे हे केंद्राचेच कर्तव्य होय. त्याबरोबरच खुरपणीची यंत्रे अल्पभूधारकाच्या आवाक्यात आणावीत, म्हणजे बंदीचा भार एकट्या शेतकऱ्यावर पडणार नाही. ज्या विषापुढे डॉक्टर हतबल होतात, त्याचा बंदोबस्त रुग्णालयात नव्हे, दुकानातच झाला पाहिजे.